नानखटाईवर निमीचा अंगठा

"यंदा आपल्या तुपाले भट्टीवाल्याचा बापही हात लावू शकत नाही!"

सकाळच्या चहाचा कप खाली ठेवत मनोहररावांनी अशी घोषणा केली, की नागपुरातल्या नंदनवन भागातल्या त्यांच्या घराच्या गॅलरीत दाणे टिपणारं कबूतर उडून गेलं. प्रेमिलाबाई मात्र जागच्या हलल्या नाहीत. लग्नापासून अशा घोषणा ऐकून त्यांचे कान निबर झाले होते.

आता मनोहररावांची ओळख करून द्यायला हवी. एका सहकारी बँकेत सह्या तपासण्यात त्यांचं उभं आयुष्य गेलं. चेक समोर आला की आधी सही संशयानं बघायची, मग माणूस संशयानं बघायचा, आणि दोघंही खरे निघाले तर तिसऱ्यांदा जास्तच संशयानं बघायचं! नोकरी संपली, पण सवय पेन्शनसारखी चालूच राहिली. दूधवाल्याच्या दुधाचा थेंब ते नखावर घेऊन बघत. बायको देवळात जाते म्हणाली, तर परत आल्यावर हातात प्रसाद आहे का, ते बघत! त्यात करोनानं त्यांचं नाक नेलं ते परत दिलंच नाही. कशाचाही वास येईना, त्यामुळे जगावर नजर ठेवायचं सगळं काम एकट्या डोळ्यांवर येऊन पडलं होतं.

आणि दिवाळीत नजर ठेवायची जागा म्हणजे भट्टी. रवा, मैदा, पिठीसाखर, तूप असं सगळं सामान घरून न्यायचं आणि बेकरीच्या भट्टीवर नानखटाई भाजून आणायची, ही आपल्याकडची जुनी रीत. सामान आपलं, भट्टी त्याची. भट्टीवाला आपलं तूप बदलतो, हा संशयही त्या रितीइतकाच जुना!

मागच्या दिवाळीत या संशयानं मनोहररावांचं नाक कापलं. त्यांची मुलगी दामिनी कामठीला दिलेली. तिच्या सासूबाईंनी, म्हणजे शोभाताईंनी, माहेरच्या फराळातली नानखटाई तोंडात टाकली, जीभ दोनदा वर फिरवली आणि गोड आवाजात म्हणाल्या, "नानखटाई चांगली आहे हो, पण टाळूले चिकटते."

संपलं! टाळूला चिकटते म्हणजे तूप शुद्ध नाही, वनस्पती आहे. विहिणीनं चारचौघांत थोबाडीत मारली असती, तरी मनोहररावांना एवढं लागलं नसतं. यंदा तर त्यांची नात, दामिनीची निमी, एक वर्षाची होऊन चार दातांसकट फराळ खाण्याच्या वयात आली होती. आजोळची नानखटाई तिच्या तोंडात जाणार, आणि तेव्हा विहीणबाई समोर असणार. इज्जतीचा सवाल होता!

"सही खोटी करता येते," मनोहरराव म्हणाले, "पण अंगठा नाही! भट्टीत जायच्या आधी प्रत्येक नानखटाईवर निमीचा अंगठा उमटवाचा. मोठा अंगठा तर कोणीही लावंन. एवढुसा अंगठा भट्टीवाला कुठून पैदा करंन?"

"बाबा," दामिनी किंचाळली, "ती माझी मुलगी आहे, रबरी शिक्का नाही!"

पण माहेरपणाला आलेल्या मुलीचं तिथं कोण ऐकतं! सराव लगेच सुरू झाला. कणकेचा गोळा पुढे ठेवायचा, निमीचा अंगठा धरायचा, हलकेच दाबायचा आणि "शाब्बास!" म्हणत टाळ्या वाजवायच्या. टाळ्या ऐकून निमी खिदळायची. संध्याकाळपर्यंत तिला सगळं समजलं. तिनं वरणभातावर अंगठा उमटवला, आजीच्या शंकरपाळ्यांच्या पोळीवर उमटवला, देवाच्या कुंकवात उमटवला आणि आजोबा दुपारी झोपले असताना त्यांच्या डोळ्यातही उमटवला!

"पाहा, कशी तयार झाली पोट्टी!" एक डोळा चोळत मनोहरराव कौतुकानं म्हणाले.

दुसऱ्या दिवशी प्रेमिलाबाईंनी तुपाचा डबा फडक्यात घट्ट बांधून दिला. एका हातात डबा, दुसऱ्या हातात सामानाची पिशवी आणि कडेवर निमी, अशा थाटात मनोहरराव ऑटोनं गांधीबागेमागच्या गल्लीत, भैय्याजीच्या भट्टीवर पोचले. तिथं बायकांची ही गर्दी! त्यांच्यापुढे नंबर होता अंजनाबाईंचा. अंजनाबाई म्हणजे कळमेश्वरच्या माहेराचा अभिमान बाळगणारी, आवाजानं भट्टी विझवेल अशी बाई.

"माझ्या भावाच्या घरच्या म्हशीचं तूप आहे," त्या सगळ्यांना सांगून राहिल्या होत्या. "झाकण उघडलं का गल्लीभर वास!"

मनोहररावांचा नंबर आला. भैय्याजीनं डब्याचं झाकण काढलं, आत पाहिलं, मग मनोहररावांकडे पाहिलं.

"साहेब, हेच तूप टाकाचं का जी?"

"काहून? तुमच्याजवळचं टाकाचा इरादा होता का?"

"तसं नाही जी, पण हे तूप..."

"बस! पांढरंशुभ्र, रवाळ, घरच्या सायीचं तूप आहे ते. तुम्ही फक्त फेटा. मी इथंच उभा आहे!"

भैय्याजी परातीत तूप-साखर फेटायला लागला. मनोहररावांनी पापणीसुद्धा लवू दिली नाही. गोळे वळून झाले, दोन ट्रे भरले, आणि मग निमीचा अंगठा सुरू झाला. गोळा, अंगठा, शाब्बास! गोळा, अंगठा, शाब्बास! रांगेतल्या बायका तोंडाला पदर लावून हसत होत्या. हसू द्या! कामठीत कोण हसतं ते बघू!

ट्रे भट्टीत जायची वाट पाहत एका बुटक्या फळीवर मांडलेले होते. मनोहररावांचे दोन, त्यांना लागूनच अंजनाबाईंचे तीन. तेवढ्यात भैय्याजी मागच्या पडद्याआड गेला.

पडद्याआड! तिथं काय आहे? वनस्पतीचं पिंप तर नाही? मनोहररावांच्या मस्तकात घंटा वाजली. त्यांनी निमीला फळीजवळच्या कोऱ्या पोत्यावर बसवलं आणि चवड्यांवर चालत पडद्याशी गेले. अंजनाबाईंचंही सगळं लक्ष त्यांच्याकडेच! पडद्याच्या फटीतून त्यांनी डोकावून पाहिलं. भैय्याजी तंबाखू-सुपारीचा खर्रा चोळून राहिला होता.

"दुसरं काही नाही ना तिथं?" मनोहररावांनी विचारलं.

"आहे ना जी. चुना आहे. पाहिजे का?"

ते परत आले तेव्हा निमी पोत्यावरच होती. गालाला थोडं पीठ लागलेलं, बाकी चेहरा संतासारखा. भैय्याजीनं हात धुतले आणि भराभर, हाती येतील तसे, ट्रे भट्टीत सारले.

थोड्या वेळानं ते बाहेर निघाले, आणि मनोहररावांचे डोळे पांढरे झाले. पाचही ट्रेंमधल्या नानखटायांवर अंगठा! एकूण एक!

"थांबा! कोणी हात लावू नका!" ते ओरडले. "चोरी झाली! माझं दोन ट्रेचं पीठ यानं पाच ट्रेमधी वाटून टाकलं!"

"वाट्टेल ते बोलू नका!" अंजनाबाई पुढे सरसावल्या. "हे तीन माझे आहेत!"

"अंगठा माझ्या नातीचा आहे!"

"असंन! तूप माझ्या भावाचं आहे!"

"सिद्ध करून देतो!" म्हणत मनोहररावांनी निमीला उचललं आणि तिचा अंगठा एकेका थंड होत आलेल्या नानखटाईच्या खळग्यात बसवून दाखवायला लागले. "हे पाहा, बसला! हा पण बसला! अंगठा कधी खोटं बोलत नाही, बाई. उभी जिंदगी गेली माझी या कामात!"

गल्लीतली माणसं जमली. कापडाचे दुकानदार गिऱ्हाईकं सोडून आले. एक जण म्हणाला पोलिसांना बोलवा, दुसरा म्हणाला आधी एकेक चाखून पाहू. भैय्याजी बिचारा आईची, भट्टीची आणि पोटच्या पोरांची शपथ घ्यायला लागला. तेवढ्यात कोणाचा तरी कच्च्या नानखटाईचा ट्रे बाजूनं चालला होता. निमी आजोबांच्या कडेवरून वाकली, एका गोळ्यात अंगठा खुपसला आणि सगळ्यांकडे पाहून स्वतःच टाळ्या वाजवल्या!

सगळी गल्ली आधी त्या अंगठ्याकडे, मग पाच ट्रेंकडे बघायला लागली.

"असं आहे तर," अंजनाबाई सावकाश म्हणाल्या. "काहून जी आजोबा, तुम्ही पडद्यात डोकावून राहिले होते तेव्हा ही पोट्टी कुठं होती?"

मनोहररावांचं तोंड भाजलेल्या वांग्यासारखं झालं. आता प्रश्न एकच उरला. पाच ट्रेमधले कोणते कोणाचे? त्यात उष्म्यानं आणि गोंगाटानं निमीनं भोकाड पसरलं. अंजनाबाई आवाजानं भट्टी विझवणाऱ्या असल्या, तरी पोरीचं रडणं ऐकून विरघळल्या.

"घ्या जी, तुम्हीच आधी घ्या. पोरगी रडून राहिली. तूप तर दोघांचंही शुद्ध आहे, मंग काय फरक पडते!"

फरक पडत नाही असं मनोहररावांना कधीच वाटत नसे. त्यांनी पाचही ट्रे निरखले, मग भैय्याजीला निरखलं. तो कडेच्या दोन ट्रेंकडे अजिबात बघत नव्हता. ज्या अर्थी बघत नाही, त्या अर्थी तेच आपले! त्यांनी ते दोन उचलले, नानखटाया डब्यात भरल्या आणि जिंकल्यासारखे घरी आले. दुसऱ्या दिवशी दामिनी निमीला आणि नानखटाईला घेऊन कामठीला गेली.

त्या रात्री मनोहरराव धड जेवले नाहीत. सकाळी फोन वाजला. शोभाताई! त्यांनी फोन स्पीकरवर टाकला.

"मनोहरराव, अहो काय नानखटाई आहे हो ही!"

"म्हणजे... चिकटली का?"

"चिकटते कशाची! तोंडात टाकली का गायब! याले म्हणते तूप! निमीनं तर हातातली सोडलीच नाही. मागच्या साली मी बोलली, ते मनाले लावून घेऊ नका बरं. अन् ऐका, भाऊबीजेले माझा भाऊ येऊन राहिला. आणखी एक डबा अशीच पाठवा."

मनोहरराव खुर्चीवरून उठून उभे राहिले. खरं सांगायचं, तर त्यांच्या डोळ्यांत पाणी आलं होतं. वर्षभराचा काटा निघाला! ते प्रेमिलाबाईंकडे वळले. प्रेमिलाबाई मात्र हातातली पळी तशीच धरून उभ्या होत्या.

"अहो," त्या म्हणाल्या, "त्यांची जीभ ठिकाणावर आहे ना?"

"काहून? काय झालं?"

"म्या तर डब्यात वनस्पती बांधून देलं होतं."

मनोहरराव परत खुर्चीत बसले.

"मागच्या साली शुद्ध तूप देलं, तर त्यानं वनस्पतीची नानखटाई हातात ठेवली. मंग यंदा शुद्ध कशाले वाया घालवाचं? ते म्या लाडवासाठी ठेवलं. वनस्पती देलं तर तो बदलून बदलून काय बदलंन?"

"अन् मले सांगितलं नाही?"

"तुम्हाले सांगितलं असतं, तर तुम्ही जीव लावून राखण केली असती का? निदान वनस्पती तरी आपलंच घरी आलं पाहिजे ना!"

बायकोच्या या हिशोबात खोट काढता येईना. पण मग कामठीत विरघळलं ते तूप कोणाचं? भैय्याजीनं वनस्पती घेऊन शुद्ध तूप थोडंच दिलं असणार! संशयाची सुई नेहमीप्रमाणे फिरायला लागली. भट्टीवाल्यावरून अंजनाबाईंवर गेली, अंजनाबाईंवरून निमीवर गेली, आणि आयुष्यात पहिल्यांदाच येऊन थेट मनोहररावांच्या छातीवर थांबली.

त्यांना लाज वाटली. मनापासून वाटली. पण विहीणबाईंना दुसरा डबा तर पाठवायचाच होता! लाडवांतून वाचलेलं घरचं शुद्ध तूप घेऊन ते खालमानेनं भट्टीवर निघाले. अंजनाबाई भेटल्या तर घरी बोलावू, लाडू देऊ, हळूच सांगून टाकू, असं त्यांनी वाटेत पक्कं ठरवलं.

अंजनाबाई भेटल्या. गल्लीच्या तोंडापासूनच त्यांचा आवाज भेटला!

"माझ्या भावाचं तूप! अन् नानखटाई टाळूले चिकटून राहिली! व्याह्यांसमोर नाक कापलं माझं! कुठं गेलं माझं तूप, बोल!"

भैय्याजी हात जोडून उभा होता. त्याला घेरून आख्खी गांधीबाग. एवढ्यात अंजनाबाईंना मनोहरराव दिसले.

"हे पाहा, हे आले! अख्ख्या नागपुरात यांच्यासारखा संशयी माणूस नाही. हे त्या दिवशी डोळ्यांत तेल घालून उभे होते. सांगा जी, यानं तूप बदललं का नाही?"

सगळ्या माना मनोहररावांकडे वळल्या. भैय्याजीचे डोळे भरून आले होते. खरं सांगावं, तर आपण भरबाजारात वनस्पतीला पहारा दिला आणि परक्या बाईचं तूप विहिणीला खाऊ घातलं, हे ओरडून सांगावं लागणार.

"नाही," ते म्हणाले. "भैय्याजी इमानदार माणूस आहे."

गर्दीत कुणीतरी खोकलं. अंजनाबाईंचे डोळे बारीक झाले.

"तुम्ही? भट्टीवाल्याले इमानदार म्हणून राहिले? तुम्ही?" त्या एक पाऊल जवळ आल्या. मग आणखी एक. नाक फेंदारून त्यांनी एक लांब श्वास घेतला. "डब्यात काय आहे?"

"तूप आहे. घरचं."

"त्या दिवशी तर तुमच्या तुपाले जराही वास नव्हता. मले वाटलं, माझंच नाक गेलं. आज कुठून वास आला?" त्यांनी झाकण उघडलं. म्हशीच्या तुपाचा वास गल्लीभर पसरला, असं लोक नंतर सांगत होते. मनोहररावांना काही आला नाही. "हे तर माझ्या भावाचं तूप! चोर सापडला, लोकहो! दोघं मिळालेले आहेत!"

सही असती तर मनोहररावांनी पडताळून दाखवली असती. तूप कसं पडताळणार? आणि खरं म्हटलं तर बाईचं पूर्ण चुकलंही नव्हतं. तिचं तूप त्यांच्या घरी आलंच होतं. फक्त या डब्यातून नव्हे, नानखटाईतून.

"घ्या अंजनाबाई," ते पडेल आवाजात म्हणाले. "तुमचंच आहे."

अंजनाबाईंनी डबा ओढून घेतला आणि विजयी पावलांनी निघून गेल्या. गर्दी कुजबुजत पांगली. भट्टीसमोर दोघंच उरले. भैय्याजीनं इकडेतिकडे पाहिलं, गमछ्यानं डोळे पुसले आणि मनोहररावांच्या कानाशी येऊन अगदी आदरानं म्हणाला,

"मानलं साहेब! उभी उमर गेली माझी या धंद्यात, पण तुम्ही कधी बदललं, ते मले बी समजलं नाही जी!"