टण का डब

आमच्या अंबादासअण्णांना कुणी नवी कोरी स्पीडबोट दाखवली, तर ते तिच्याकडे बघतच नाहीत. चष्मा खिशात ठेवतात, वाकतात आणि मागच्या सीटखाली डोकं घालतात. पुढची पंधरा मिनिटं मालकाला फक्त त्यांचे पाय दिसतात. तो बिचारा इंजिनाची ताकद सांगत असतो, रंग परदेशी आहे म्हणून सांगत असतो, आणि हे सगळं चपलांच्या एका जोडीला सांगत असतो. मग अण्णा बाहेर येतात, हाताचा वास घेतात आणि म्हणतात, "वरचा रंग राहू द्या ओ. आत काय घातलंय ते सांगा."

तुम्ही म्हणाल, सोलापुरात बोट कुठून आली? रास्त प्रश्न आहे. आमच्या भवानी पेठेत नळाला पाणी आलं की लोक पाहुण्यांना अर्ध्या जेवणावरून उठवून बादल्या लावायला पाठवतात. बोट तरंगेल एवढं पाणी मी या गल्लीत जन्मात पाहिलेलं नाही. पण वेगाच्या बोटी पारखणारा माणूस मात्र माझ्या भिंतीला भिंत लावून राहतो. त्याला मी काय करू?

अण्णा मूळचे विणकर. घरात तेलुगू, बाहेर मराठी, आणि लहानपण सगळं चार मागांच्या खडखडाटात गेलेलं. तरुणपणी माग विकले गेले आणि ते किनाऱ्यावरच्या एका बोटींच्या कारखान्यात कापड कापायला लागले. "बोटीत कापड कसलं?" असं मी पहिल्यांदा विचारलं, तेव्हा त्यांनी माझ्याकडे अशा नजरेनं पाहिलं की मी दोन दिवस तोंड लपवून हिंडलो.

"बोट म्हणजे काय ओ शेठ? कापडच की! काचेच्या धाग्याचं कापड. त्याला रेझिनची खळ पाजायची, थरावर थर द्यायचा, वाळलं की झाली बोट. फरक एवढाच, चादर उसवली तर थंडी वाजते. बोट उसवली तर..." पुढचं ते बोलत नाहीत. हात हळूहळू खाली नेतात, बस्स.

तीस वर्षं त्यांनी त्या कारखान्यात काढली. शेवटी शेवटी तर कुठली बोट पाण्यात जायची आणि कुठली माघारी जायची हे तेच ठरवायचे. त्यातही शर्यतीच्या बोटींवर त्यांचा विशेष डोळा. साधी बोट पाण्यावर चालते, ही पाण्यावर आपटते, असं त्यांचं म्हणणं. मोबाइलवर ते अशा शर्यती बघतात, पण कोण जिंकलं ते त्यांना कधीच ठाऊक नसतं. बोट उसळून हवेत गेली की ते तिथंच चित्र थांबवतात आणि तिचं पोट बघत बसतात. एक शर्यत बघून व्हायला त्यांना चार दिवस लागतात.

ही खोड बोटींपुरती राहिली असती तर माझी काही तक्रार नव्हती. माझ्या मुलीसाठी स्थळ बघायला गेलो तेव्हा चार वडीलधारे असावेत म्हणून मी अण्णांना बरोबर नेलं. माझीच अक्कल. मुलाकडचे पोहे देत होते आणि हे गृहस्थ त्यांच्या नव्या सोफ्याच्या मागे गुडघ्यावर बसून आत हात घालत होते. बाहेर आले आणि सगळ्यांच्या देखत म्हणाले, "पुढून मखमल, मागं खिळे उघडे. शेठ, जरा विचार करा." सोयरीक मोडली. आता मुलीचं दुसरीकडे छान चाललंय हा भाग वेगळा, पण त्या दिवशी मी पोहे कसे गिळले ते माझं मला माहीत.

त्यांच्या पिशवीत कायम एक धोटा असतो. मागावर आडवा धागा घेऊन इकडून तिकडे पळतो तो लाकडी धोटा, दोन्ही टोकांना पितळ लावलेला, वडिलांच्या हातचा. त्यानं ते बोटीचं सगळं अंग वाजवत जातात. थर एकमेकांना घट्ट धरून असले तर आवाज येतो टण. आत हवा राहिली असेल, थर सुटला असेल, लाकूड कुजलं असेल, तर डब. जगातल्या सगळ्या वस्तूंचे अण्णांच्या लेखी एवढेच दोन प्रकार.

माझं नव्या पेठेत भांड्यांचं दुकान आहे. आमची ओळखच मुळी वाजवण्यातून झाली. गावी परत आल्यावर ते एक पातेलं घ्यायला आले आणि त्यांनी दुकानातली एकूण एक पातेली वाजवली. बायका कान झाकून बाहेर गेल्या. चिडून मी म्हणालो, "अहो, तिसऱ्या रांगेतलं ते डावीकडचं घ्या, त्याचं बूड बरोबर बोलतंय." अण्णा थांबले. माझ्याकडे निरखून बघत म्हणाले, "तुमाला कान हाय की!" एवढी पदवी मला आजवर कुणी दिली नव्हती.

तेव्हापासून ते कुठंही बोट बघायला निघाले की मी बरोबर. आधी ते वाजवायचे, तेच निकाल सांगायचे, मी नुसती पिशवी धरायचो. अलीकडे दोनेक वर्षांत मात्र मला बढती मिळाली. धोटा मारायचा आणि माझ्याकडे बघायचं, "तुमी सांगा शेठ. टण का डब?" मी सांगायचो. ते मान हलवायचे. म्हातारा आपल्याला विद्या देतोय, मरण्याआधी कुणाला तरी देऊन जायची असेल, असं समजून मी खूष होतो. दुकानातल्या नोकरांपुढे मी त्याची शेखीही मिरवली.

याच काळात अण्णांच्या गच्चीवरची टाकी वाहायला लागली. टाकी भरून पाणी पन्हाळीतून धो धो अंगणात पडायचं आणि अण्णा तिथंच दोन हातांच्या अंतरावर पेपर वाचत बसलेले. आमच्या गल्लीत हे पाप आहे. बायका ओरडायच्या, मी ओरडायचो. अण्णा शांतपणे मोटार बंद करायचे आणि म्हणायचे, "पाणी पडताना बघायला बरं वाटतं ओ." बोटीवाला माणूस, असेल बाबा, म्हणून मी सोडून दिलं. त्यांची बायको अनसूयाक्का कधी एका शब्दानं बोलली नाही. एरवी ती दिवसभर बोलत असते, बारीक आवाजात, चुलीशी, भांड्यांशी, अण्णांशी. अण्णा मान हलवत असतात.

गेल्या महिन्यात टेंभुर्णीच्या एका हॉटेलवाल्या तानाजीरावांनी उजनी धरणाच्या पाण्यात फिरवायला जुनी शर्यतीची बोट आणली. लालभडक, चकचकीत. अण्णांना बोलावणं आलं, आम्ही माझ्या गाडीनं गेलो. काठावर बोट लाकडांवर चढवून ठेवली होती आणि शेजारी प्लॅस्टिकच्या खुर्चीत तानाजीरावांची आई बसली होती. नऊवारी नेसलेली, डोक्यावर पदर, आणि अंगात नारिंगी लाइफ जॅकेट आधीच घट्ट बांधलेलं.

"आईचं म्हायेर ह्या पाण्याखाली गेलंया," तानाजीराव म्हणाले. "तितवर एकदा न्हेऊन आणायचं हाय. तुमी पास म्हणला की पयली फेरी आईची."

"मी सकाळी सातपासनं बसलेय," आई म्हणाली. "काय वाजवायचं ते वाजवा लवकर."

अण्णांनी वाजवायला सुरुवात केली. ऊन डोक्यावर, आणि मागे हॉटेलच्या चुलीवर चिलापी तळायला टाकलेली. मला मासा फार आवडतो आणि घरी चालत नाही, हे आधीच कबूल करतो. टण का डब? टण. टण का डब? टण, अण्णा. पोटाच्या डाव्या अंगाला आलो तेव्हा मला मसाल्याचा वास आला आणि मी त्या भागात न ऐकताच सात-आठ वेळा टण म्हणून मोकळा झालो.

"पास," अण्णा म्हणाले. "आजी, उठा. मी आन शेठ पण तुमच्या संगं बसतो."

आई उठली. बोट पाण्याकडे सरकवायला चार माणसं आली. आणि मला डाव्या अंगाचे ते सात-आठ टण आठवले. मला पोहता येत नाही. आजीलाही येत नसणार. मी म्हणालो, "अण्णा, डावीकडे परत एकदा वाजवा बरं."

त्यांनी धोटा मारला. डब. पुन्हा मारला. डब. भिजलेला पुठ्ठा वाजावा तसा आवाज.

"हितं तर पोकळ वाजतंय की वो!" तानाजीराव म्हणाले. चौघा माणसांनी ऐकलं. आजीनंही ऐकलं. अण्णा मात्र माझ्या तोंडाकडे बघत उभे होते, भोळ्या आशेनं, मी काय सांगतो त्याची वाट बघत. आणि तेव्हा ती वाहणारी टाकी आणि माझी बढती आठवून माझ्या डोक्यात उजेड पडला. मेल्याहून मेल्यासारखं झालं हो मला.

मी मोठ्यानं हसलो. "अण्णांनी माझी परीक्षा घेतली, तानाजीराव! मुद्दाम पास म्हणाले, मला कळतंय का बघायला. डब आहे, डब!"

अण्णांनी सीटखाली डोकं घातलं. बाहेर आले तेव्हा मुठीत कोरडं पांढरं काचेचं कापड होतं, जिथं रेझिन पोचलंच नव्हतं, आणि त्याच्याखालचं लाकूड बोटांनी चुरलं जात होतं. वेगात आपटली असती तर पोट तिथंच उघडलं असतं. आजीनं गुपचूप जॅकेट सोडायला घेतलं. अण्णा तिच्यासमोर उकिडवे बसले. "आजी, हे सगळं काढून मी माझ्या हातानं नवीन कापड घालतो. म्हायेराला न्हेतोच तुमाला. शब्द हाय." मासा आला तो मला गोड लागला नाही. दोन खाल्ले तरी.

परत येताना गाडीत अण्णांनी पिशवीतला धोटा काढून मांडीवर घेतला.

"मागाच्या आवाजानं कान आधीच निम्मा गेला होता," ते म्हणाले. "उरलेला दोन वर्षांत गेला. तुमचं तेवढं ऐकू येतं. तुमी दुकानात गिऱ्हाइकाला बोलल्यागत बोलता."

"मशीन बसवा की कानाला!" मी ओरडलो.

"ते सगळ्यांना दिसणार. मग कोण बोट दाखवील मला?" मग ते म्हणाले, "आन घरी सांगू नका शेठ. अनसूया परवा म्हणाली म्हणं, शेजारच्या बायकांना, की चाळीस वर्षांत आता कुठं माझा नवरा माझं ऐकून घ्यायला लागलाय. तुमच्याच बायकोनं मला सांगितलं, वरडून. आता मी नुसती मान हलवतो, हे तिला कसं सांगू?"

मला त्यांची समजूत काढावीशी वाटली. पण तीही ओरडूनच काढावी लागली असती.

दिवेलागणीला घरी पोचलो. अण्णा अंगणातल्या नळावर पाय धुवायला वाकले. अनसूयाक्का दारात आली, त्यांच्या चपला उचलून भिंतीला लावल्या आणि खाली बघतच, त्या बारीक आवाजात मला म्हणाली, "आज काय चुकलं का तिकडं? तोंड उतरलंय."

मी उगाच खिशात गाडीची किल्ली शोधायला लागलो.

"ऐकू येत नाही त्यांना. दोन वर्षं झाली, मला माहीत हाय," ती म्हणाली. "पण त्यांना सांगू नका शेठ. मला कळलंय असं समजलं तर बोटी बघायचं सोडतील, घरात बसतील. म्हणून मी आपली दिवसभर बोलत राहते. थांबले तर त्यांना संशय येईल."

ती आत गेली आणि आतून तिचं बोलणं पुन्हा सुरू झालं, तेलुगूत. शेजारी राहून मला ते सगळं कळतं. दुपारपासून मी चहासुद्धा घेतला नाही, किती वाट बघायची, भाकरी झाकून ठेवलीय, आता गार झाली तर मला सांगू नका. अण्णा पाय पुसत माझ्याजवळ आले. दारातून दिसणाऱ्या तिच्या हलत्या ओठांकडे त्यांनी हळूच बोट केलं आणि विचारलं, "काय म्हणतेय? टण का डब?"

या वेळी मी नीट कान देऊन ऐकलं. शेवटपर्यंत ऐकलं.

"टण, अण्णा," मी ओरडून सांगितलं. "टण!"

त्यांनी मान हलवली आणि आत गेले.