पागेंची आई गाडीत बसते

आमचे धारचे शेजारी शरद पागे माणसाच्या तोंडाकडे बघत नाहीत, गुडघ्यांकडे बघतात. माझ्या मुलीला बघायला आलेल्या मुलाला त्यांनी पहिलाच प्रश्न विचारला, "मांडीचं हाड लांब दिसतंय. पुढच्या सीटवर बसता का?" ते स्थळ पुढे गेलं नाही.

पागे पीथमपूरला एका गाड्यांच्या कंपनीत आहेत. गाडी धडकली की आतल्या माणसाच्या पायांचं काय होतं, ते कॉम्प्युटरवर काढतात. धडक सेकंदाच्या दहाव्या हिश्शाची. ती मोजायला कॉम्प्युटरला अकरा तास लागतात; अशा एका मोजणीला ते 'रन' म्हणतात. तोवर काही विचारा, एकच उत्तर : "भिया, रन लगा है."

मीही पीथमपूरलाच नोकरीला. आम्ही पाळीपाळीने गाडी काढतो. गुडघा आणि डॅशबोर्ड यांत चार बोटं अंतर हवं. ते पागे रोज वाकून मोजतात. सहा वर्षं झाली. मी आता न सांगता सीट मागे सरकवतो.

गेल्या वर्षी त्यांची मावशी देवासला अंथरुणाला खिळली. आई रोज म्हणे, "शरू, मला बहिणीकडे ने." आई ब्याऐंशीची, आणि गाडीत मांडी घालूनच बसते. इथेच घोडं अडलं. कॉम्प्युटरमधली सगळी माणसं धडधाकट, पाय खाली सोडून बसणारी. मांडी घातलेली म्हातारी त्यांत नव्हती. पागे ती बनवायला बसले; तिची धडक मोजून होईपर्यंत आईला गाडीत बसवायचं नाही. एक महिना गेला, दुसरा गेला.

"अहो, पाय खाली सोडायला सांगा ना त्यांना," मी म्हणालो.

"सांगितलं. म्हणते, पाय लोंबकळत ठेवायला मी काय झोपाळ्यावर बसलेय?"

एका रविवारी आईच काठी टेकत माझ्या दारात आली. "तूच ने रे बाबा. त्याची म्हातारी तयार होईपर्यंत आम्ही दोघी म्हाताऱ्या उरायच्या नाही."

मी गाडी काढली. आई मागे मांडी घालून बसली. पागे चपला न घालताच धावत आले.

"उत्तर आलं का?" मी विचारलं.

"आलं. परवाच."

"मग?"

पागेंनी वाकून आईच्या मांडीपुढची जागा बोटांनी मोजली. "पुढची सीट अजून पुढे घ्या," एवढंच म्हणाले आणि मागे तिच्याशेजारी बसले. तिचा पट्टा तीनदा ओढून पाहिला.

चाळीसच्या वर मी गेलो नाही. देवासला तीन तास लागले. ट्रकवाले हॉर्न मारत पुढे जात होते. आरशात पाहिलं तर आईला डुलकी लागली होती, आणि पागेंनी तिच्या पायांपुढे एक हात आडवा धरला होता. त्या हाताचा काही उपयोग नाही, हे त्यांच्याइतकं आकड्यांनिशी कुणाला ठाऊक असणार?

देवासच्या अलीकडे, मांगलियाजवळ तो हात भरून आला असावा. त्यांनी दुसरा हात धरला.