आधी हात वर, मग ट्रॅक्टर

नेऱ्याच्या माळावर पदूनाना ट्रॅक्टर सुरू करण्याआधी सगळ्यांना हात वर करायला लावायचे. दरोडेखोर पकडल्यासारखे! गवत कापणाऱ्या बाया, गासड्या उचलणारे गडी, कुणी पाहुणा आला असेल तर तो, सगळ्यांनी ट्रॅक्टरपुढे येऊन उभं राहायचं आणि हात वर करायचे. मी पहिल्यांदा गेले तेव्हा एका हातात पर्स होती, म्हणून एकच हात वर केला. नाना सीटवरून म्हणाले, "वयनी, दोनी."

आणि मी कोण? तर वखारीची मालकीण! सासऱ्यांनी पनवेलला गवताची वखार घातली, आमचे हे मुंबईला ऑफिसात, तेव्हा वखार पडली माझ्या गळ्यात. दिवाळीनंतर माळावरचं गवत कापायचं, ते दाबून, तारेनं आवळून गासड्या बांधायच्या आणि मुंबईच्या तबेल्यांना पाठवायच्या. एकेक गासडी अशी, की दोन गडी लागले तरी कण्हत उचलायचे. माळावरून खाली रस्त्यापर्यंत चांगलाच उतार, आणि रस्त्यावर ट्रक उभा. तिथवर गासड्या पोचवायचं काम पदूनानांचं. तबेलेवाला फोनवर ओरडायचा, ट्रकवाला हॉर्न वाजवायचा, आणि इकडे नानांचं नमनालाच घडाभर तेल!

ट्रॅक्टर त्यांच्याहून थोडासाच तरुण. हँडब्रेक केव्हाच निवर्तलेला. त्याच्या जागी नानांनी बाभळीचा एक ठोकळा बाळगला होता. ट्रॅक्टर थांबला की ठोकळा चाकाखाली. त्याचं नाव जावईबापू. "बसवला तितं बसतो, हलत नाय," नाना म्हणायचे. "आमाला पोरगी नाय, पन जावय हाय."

ट्रॉली भरतानाही तेच. जड गासड्या खाली, हलक्या वर, विटांसारख्या आडव्या-उभ्या. मग दोर आवळायचा. मग नाना स्वतः ट्रॉलीला धरून गदागदा हलवायचे. एक गासडी जरी सरकली, तरी सगळं उतरवून पुन्हा भरा! उतारावर गाडी सगळ्यात खालच्या गिअरात. शेळ्या पुढे निघून जायच्या. मी करवादले की ठरलेलं उत्तर यायचं, "वयनी, गवत परत उगवतं. बोट नाय उगवत."

एकदा तबेल्याचे शेठ पांढरा सफारी घालून माल बघायला आले आणि ऐटीत चाकावरच्या पत्र्यावर चढून बसले. नानांनी इंजिन बंद केलं, खाली उतरले, जावईबापूंना चाकाखाली बसवलं आणि आंब्याखाली जाऊन तंबाखू मळत बसले. शेठ म्हणाले, "अरे, चलो ना!" नाना म्हणाले, "शिट येकच हाय. तुमी चालवा, नायतर उतरा." शेठ उतरले. हातसुद्धा वर केले बिचाऱ्यांनी.

एका सकाळी मात्र माझं डोकं फिरलं. खाली ट्रकवाला शिव्या देत होता. मी म्हटलं, "नाना, ही शाळेची प्रार्थना रोज म्हणायलाच हवी का?" गडी तोंड लपवून हसले. पण लाडकी नावाची एक कापणारीण मला बाजूला ओढून म्हणाली, "वयनी, असं नका बोलू. हिराकाकीला आयकू येत नाय ना."

हिराकाकी म्हणजे नानांची बायको. बायांबरोबर गवत कापायची. तापात कान गेलेले, अगदी कानाशी ओरडलं तर थोडंफार ऐकू यायचं. एकदा नाना ट्रॅक्टर मागे घेत होते आणि ही ट्रॉलीमागे सांडलेलं गवत गोळा करत बसलेली. हॉर्न दिला, तो हिला कुठला ऐकू यायला! बाया किंचाळल्या म्हणून चाक तिच्या पदरापाशी थांबलं. त्या दिवसापासून ती पुढे येऊन हात वर करून दिसली, की मगच चावी. एकट्या तिलाच करायला लावले तर तिला चारचौघांत लाज वाटेल, म्हणून सगळ्यांनाच.

त्यानंतर मी नीट बघायला लागले. काकी मुद्दाम सगळ्यांच्या शेवटी हात वर करायची. बांगड्या कोपरापर्यंत घसरायच्या. नाना मिशीत हसायचे आणि मगच चावी फिरवायचे.

आणि इथे मी शहाणपण केलं. पनवेलला कानांच्या तपासणीचं शिबिर होतं. काकीला धरून घेऊन गेले. कानाला मशीन बसलं. घरी परतताना रिक्षाचा आवाज ऐकून काकी लहान पोरीसारखी टाळ्या वाजवत होती. मला तर पुण्य पदरात पडल्यासारखं वाटलं.

दुसऱ्या दिवशी माळावर नुसती धमाल. काकीला पाखरं ऐकू येत होती, बाया आपल्याबद्दल काय कुजबुजतात तेही ऐकू येत होतं! तेवढ्यात नाना सीटवर चढले आणि ओरडले, "हात वर!"

काकी ट्रॉलीपाशी लाडकीशी बोलत उभी होती. मागे वळूनही न बघता म्हणाली, "मला येतंय आता आयकू. चालवा तुमी!"

बाया खो खो हसल्या. गड्यांनीही हात खाली घेतले. सुटलो म्हणाले.

नाना नुसते बसून राहिले. चावीला हात नाही. खालून ट्रकचा हॉर्न सुरू झाला. घोडं कुठे पेंड खातंय बघायला मी ट्रॅक्टरपाशी गेले. "नाना, काय झालं? बरं नाही का?"

"बरा हाय." मान खाली घालून ते हळूच म्हणाले, "वयनी, चांगलं केलंत तुमी. पन आता तिला आयकू येतं. मंग माज्याकडं कशाला बगंल ती?"

मी सीटच्या आणखी जवळ सरकले.

"घरात ना पोर ना बाळ. बोलायचं कसं, तर वरडून. वरडून काय बोलनार मानूस? भाकर वाड, येवडंच. ती हात वर करून बगायची ना माज्याकडं, तेवडंच आमचं बोलनं."

पुण्य कसलं, मी तर घात केला होता! मागे वळून पाहिलं, तर ट्रॉलीपाशी काकी गप्प उभी. लाडकीचं बोलणं अर्ध्यात थांबलेलं. नाना विसरलेच होते, की आता हळू बोललेलंही तिला ऐकू जातं.

काकीनं कानातलं मशीन काढलं. पदराच्या टोकात नीट गुंडाळून गाठ मारली आणि कमरेला खोचलं. मग बायांना बाजूला सारत ट्रॅक्टरच्या अगदी पुढे येऊन उभी राहिली आणि नानांकडे बघत दोन्ही हात वर केले. बांगड्या कोपरापर्यंत घसरल्या.

नानांनी उपरण्यानं तोंड पुसलं, चांगलं रगडून पुसलं. बाया हसायच्या थांबल्या. एकेक करून सगळ्यांचे हात वर गेले. तरी चावी फिरेना.

"आता काय राहिलं, नाना?" मी विचारलं.

"तुमी, वयनी."

मी पर्स खाली गवतात ठेवली, काकीच्या शेजारी जाऊन उभी राहिले आणि दोन्ही हात वर केले.