गजानन मिस्त्रींची चष्म्यांची पिशवी

गजानन मिस्त्री मशीनला हात लावायच्या आधी पिशवीत हात घालतात. हत्यारांच्या नव्हे. त्यांच्याकडे दुसरी एक कापडी पिशवी असते आणि तिच्यात नुसते चष्मे. वेल्डिंगचा हिरवा, पोहायचा निळा, जत्रेत मिळतात तसले चार-पाच गॉगल, आणि काडी तुटली म्हणून सुतळी बांधलेला कुणा आजीबाईंचा. समोर उभ्या असलेल्या प्रत्येकाच्या डोळ्यांवर यातलं काहीतरी चढल्याशिवाय मिस्त्री एक नट सैल करत नाहीत.

पहिल्या दिवशी माझ्या वाट्याला आला बदामी आकाराचा गुलाबी गॉगल. माझं वय चौपन्न. कुंभिवलीतल्या तीन एकर लॉनचा मी मॅनेजर. चार लोकांत मला मान आहे. मी म्हटलं, "अहो मिस्त्री, मी लांब उभा राहतो ना."

"लांब म्हंजे किती, ते तेलाला कळत नाय," ते म्हणाले. "घाला."

घातला. काय करणार? अडला होतो मी.

आमच्या लॉनवर गवत कापायची गाडी आहे, बसून चालवायची. वाडीवरची कमळ आठ वर्षं ती चालवते आणि दुसऱ्या कुणाला बसू देत नाही. एकदा खुद्द मालक, शेठ, हौसेने बसले, तर ही त्यांना म्हणाली, "सायब उतरा, ती लाजते." शेठ उतरले.

यंदा दसऱ्यानंतर ही गाडी बिनसली. सकाळी थंडीत झकास चालायची. वीस मिनिटं झाली की कण्हायला लागायची, वेग जायचा, आणि चढावर तर जागच्या जागी उभी. इंजिन मात्र सुरूच. तासभर सावलीत ठेवली की पुन्हा पहिल्यासारखी. म्हणजे आजारी माणसाने डॉक्टर आल्यावर ठणठणीत व्हावं, तसला प्रकार.

एरवी मी म्हटलं असतं, असू दे. पण त्या रविवारी माझ्या धाकटीचा, मनूचा साखरपुडा होता. तोही याच लॉनवर. पंधरा वर्षं मी इथे दुसऱ्यांच्या पोरींच्या मांडवात खुर्च्या मोजल्या. या वर्षी शेठ आपणहून म्हणाले, "तुझ्या मुलीचं इथेच कर." मी पनवेलच्या व्याह्यांना फोनवर सांगून बसलो होतो, हिरवागार गालिचा बघाल म्हणून! आणि गालिचा गुडघ्यापर्यंत वाढलेला. त्यात सोमवारी एक घोणस निघाली. हाताने कापून घ्यावं तर भाताची कापणी ऐन भरात. गावात माणूस मिळायची सोय नाही. आणि घाबरलेला माणूस करतो तेच मी केलं. मोबाईलवर व्हिडिओ बघितला आणि स्वतःच गाडीच्या ड्राइव्हचं, म्हणजे चाकं फिरवणारं, तेल बदललं.

दुसऱ्या दिवशी कमळ म्हणाली, "दादा, आता ती उचक्या पन देते."

गुरुवार उजाडला. शिळफाट्यावर एका ओळखीच्या दुकानदाराने मिस्त्रींचा नंबर दिला. "जेसीबीपासून लिफ्टपर्यंत तेलाच्या दाबावर चालणारं काही असो, तोच," तो म्हणाला. "फक्त त्याला चहा विचारू नका."

फोन लावला. नाव सांगितलं, गाव सांगितलं. पलीकडून एकच शब्द आला, "पोचलो." आणि फोन बंद! मी कपाळावर हात मारला. आपल्याकडे 'पोचलो' म्हणणारा माणूस आंघोळीला निघालेला असतो.

पण खोपोलीतल्या त्यांच्या घरून यायला लागतो तेवढ्याच वेळात स्कूटर फाटकात. मिस्त्रींचा डावा गाल गुळगुळीत आणि उजव्या गालावर साबण वाळलेला. दाढी अर्धी टाकून आलेले. पुढे कळलं की हे नेहमीचंच. एकदा पुतण्याच्या वरातीतून फेट्यासकट गेलेत, एकदा भाताचा घास हातात तसाच. कुणी हाक मारली की त्यांना थांबता येत नाही.

स्कूटरवर मागे एक किडकिडीत गृहस्थ बसलेले. इस्त्रीचा पांढरा सदरा, काळा गॉगल, मांडीवर लाकडी स्टूल. मिस्त्रींनी त्यांना हाताला धरून उतरवलं, सावलीत स्टुलावर बसवलं आणि मला म्हणाले, "हा आत्माराम. हा ऐकतो."

मी मनात म्हटलं, एक अर्ध्या दाढीचा आणि एक ऐकणारा. मनूबाई, तुझं देवच बघो.

तेवढ्यात माझी बायको सुनंदा चहाचा ट्रे घेऊन आली. दुकानदाराचं बोलणं मी तिला सांगायला विसरलो होतो. मिस्त्री दोन पावलं मागे सरले.

"वहिनी, मशीन चालल्याबिगर नाय."

"अहो, निवेल तो."

"निवू दे."

आमच्या घरी पोस्टमनसुद्धा चहा न घेता गेलेला नाही. सुनंदा आत गेली आणि भांडी आपटल्याचा आवाज फाटकापर्यंत आला. मिस्त्रींनी एक कप तेवढा आत्माराम तात्यांच्या हातात नीट बसवून दिला. मला वाटलं, काय हे लाड!

मग चष्मे वाटले. कमळला पोहायचा निळा मिळाला. ती आरशात बघून आली आणि खूश झाली.

"शेवटचं काय केलंत हिला?" मिस्त्रींनी विचारलं.

"तेल बदललं," मी गुलाबी गॉगलमधून म्हटलं.

"कुनी?"

कमळने माझ्याकडे बोट दाखवलं.

मिस्त्रींनी मला एकदा वरपासून खालपर्यंत बघितलं. "या गाडीला गिअर नाय, दादा. इंजिन पंप फिरवतं, पंप तेल ढकलतो, तेल चाक फिरवतं. तुमी तेल भरलंत, पन आतली हवा कोन काढनार? पोटात वारा धरलाय तिच्या. म्हनून उचक्या."

"पण आधीसुद्धा गरम झाली की थांबत होतीच ना?"

"त्येच तर बघायचं हाय. आत्माराम, ऐक रं."

कमळने गाडी सुरू केली. तात्या मान वाकडी करून बसले. आम्ही सगळे गॉगलवाले श्वास धरून उभे. त्या वेळी व्याही आले असते तर सोयरीक मोडूनच परत गेले असते.

"गजा," बऱ्याच वेळाने तात्या म्हणाले, "पंखा गप हाय."

मला तर इंजिनच्या धडधडीपुढे काही कळत नव्हतं. मिस्त्रींनी गाडी बंद करायला लावली, सीट उचलली आणि खाली वाकून टॉर्च मारला. पंपावर एक छोटा पंखा असतो, तेल थंड ठेवायला. त्या पंख्याला दोऱ्याचे वेढे पडले होते, दोन पाती तुटली होती आणि सगळीकडे गवताचा भुसा घट्ट बसला होता. मिस्त्रींनी सुरीने दोरा कापून ओढला. हातभर दोरा, आणि त्याला वाळलेली झेंडूची फुलं.

"याच्या आधी काय केलंत ते आता सांगा," मिस्त्री म्हणाले.

कमळ हळूच म्हणाली, "पूजा."

दसऱ्याला आम्ही सगळी यंत्रं धुऊन पुजतो. कमळने गाडीच्या सीटमागे स्वतःच्या हाताने ओवलेला हार बांधला होता. आणि तो काढला नव्हता, कारण दसऱ्याचा हार आपण काढायचा नसतो, तो आपोआप गळायचा असतो. हा गळला तो थेट पंख्यात! गाडीसोबत चारशे पानांचं माहितीपुस्तक देणाऱ्या परदेशी कंपनीला हा बिघाड कुठून सुचणार?

कमळच्या निळ्या चष्म्यात पाणी साठलं. "मीच मारली तिला."

"मारली नाय गं," मिस्त्री एकदम मऊ आवाजात म्हणाले. "माया जास्त झाली. पुढल्या वर्षी हार पुढं बांध, बोनेटवर. पंखा नवा मागवा, तवर उरलेल्या पात्यांवर भागेल."

मग भुसा साफ केला. मागची चाकं विटांवर उचलली, तेलाची वाट मोकळी करणारा मागचा दांडा ओढून ठेवला आणि कमळला सांगितलं, इंजिन हळू ठेव, पेडल पुढे दाब, मागे दाब, सावकाश. गाडी आतून गुरगुरत होती. तात्या सांगत होते, "अजून हाय... अजून हाय... आता थोडी... गेली." मिस्त्रींनी पातळी बघून तेल भरलं, दांडा परत आत ढकलला. विटा काढल्या.

कमळने गाडी चढावर घातली. वीस मिनिटं झाली. अर्धा तास झाला. गाडी वर जात होती, खाली येत होती, मागे कापलेल्या गवताचा ओला वास. माझा जीव भांड्यात पडला. खरं सांगतो, मी रडलो. गुलाबी गॉगलचा तेवढा उपयोग झाला.

मिस्त्री नळावर हात धूत होते. मी तात्यांजवळ जाऊन बसलो आणि कुतूहलाने म्हटलं, "तुमचे मिस्त्री चहाला एवढे का हो भितात?"

तात्यांनी मला द्यायला रिकामा कप पुढे धरला, पण मी बसलो होतो त्याच्या दुसऱ्या बाजूला. तेव्हा माझ्या डोक्यात प्रकाश पडला. त्या काळ्या गॉगलमागच्या डोळ्यांना दिसत काहीच नव्हतं.

"आमी दोघं एकाच कारखान्यात, तेलाच्या दाबावर पत्रा वाकवनाऱ्या प्रेसवर," ते म्हणाले. "पाईप पाझरत होता. मी हाक मारली, गजा, जरा बघ रं. तो म्हनला, चहा पिऊन येतो. त्याचा कप संपायच्या आधी पाईप फुटला. गरम तेल, सगळं तोंडावर. चष्मा माझा कपाटात होता. चूक माझी. अकरा वर्सं सांगतोय त्याला, गजा, चूक माझी होती. त्याला ऐकू येत नाय."

तेवढ्यात मिस्त्रींचा फोन वाजला. सुनंदा ताजा चहा घेऊन दारातून बाहेर येतच होती. पण मिस्त्री फोनात "पोचलो" म्हणाले, तात्यांना स्कूटरवर बसवलं, आणि माझ्या डोळ्यांवरचा गॉगल काढून घेऊन गेलेसुद्धा. मी नुसता ओरडलो, "रविवारी या! दोघंही!"

रविवारी लॉन असं दिसत होतं की व्याह्यांनी चपला काढून त्यावर पाय ठेवले. मनूच्या बोटात अंगठी गेली आणि मला पहिली आठवण झाली ती त्या अर्ध्या दाढीची. ऋण म्हणतात ते हेच असावं.

दोघं आले होते. मिस्त्रींची दाढी चक्क पूर्ण. मागच्या रांगेत बसले होते. मी सुनंदाला सगळं सांगून ठेवलं होतं. तिने स्वतः दोन कप आणले आणि समोर धरले. मिस्त्रींनी कप घेतला. ओठाला लावणार एवढ्यात खिशातला फोन वाजला. कप खाली, मिस्त्री उभे!

तात्यांनी त्यांचा सदरा बरोब्बर धरला आणि खाली बसवलं. "फोन दे."

"अरं, कुनाची मशीन—"

"दे रं, गजा."

मिस्त्रींनी फोन दिला. तात्यांनी बोटांनी चाचपून तो उचलला, कानाला लावला आणि शांतपणे म्हणाले, "मिस्त्री चहा पितायत. पिऊन झाला की येतील."