हैबता सालोत्री याने वैद्यशाळेत जागा मागितली त्याची हकीकत

श्री. ज्याने देह घडविला आणि देहाच्या आत दुखण्यासही जागा ठेविली, त्यास नमस्कार असो. शके सोळाशे त्र्याण्णव, खरनाम संवत्सरे, भाद्रपद वद्य पंचमी, ते दिवशी लिहावयास आरंभ केला. बखरी लिहितात त्या कोणा थोरांच्या आज्ञेने लिहितात. ही लिहावी ऐशी कोणाची आज्ञा नाही, सेवक आपणहून लिहितो. सेवकाचे अक्षर पागेच्या यादीपुरते, घोड्याचा रंग, वय आणि खोड इतके लिहिण्याची सवय, म्हणून शब्द साधे पडतील, ते चालवून घ्यावे. राज्याचे नाव लिहीत नाही आणि राजाचेही लिहीत नाही. लिहिले तर कारकून रागावतील, न लिहिले तरी ज्याचे त्यास कळेल.

सेवकाचे नाव हैबता. सरकारी पागेत घोड्यांचा वैद्य, ज्यास सालोत्री म्हणतात, ती चाकरी बावीस वर्षे केली आणि वय पंचेचाळीस जाहले. स्त्रीचे नाव सगुणा. मूलबाळ जगले नाही, दोघेच होतो, आणि पागेच्या भिंतीस लागून दोन खणांचे घर होते. घोड्याची जखम शिवावयाची तर सगुणेने तोंड धरावे, कानाशी काही बोलावे, आणि सेवकाने शिवावे. काय बोलत असे ते कधी सांगितले नाही. विचारले तर म्हणे, "ते घोड्याला सांगायचे असते, तुम्हाला नाही." आता पागेत जुना नियम ऐसा की घोडा उभा आहे तोवर चिंता नाही, आडवा जाहला की धावावे. तीनशे घोडी असता एकेकाचे पोट कोण चाचपणार, म्हणून सकाळी फेरी घालावी, उभी दिसली ती बरी समजावी आणि आडवे दिसेल त्याच्याकडे जावे. या नियमाने सेवकाने बावीस वर्षे काम केले आणि पुष्कळ घोडी वाचविली, म्हणून त्यावर भरवसा बसला.

मग गेल्या साली मार्गशीर्षात सगुणा म्हणाली, "धनी, उजव्या कुशीत टोचते." सेवक नाल घासत होता, मान वर न करिता विचारले, "उभी आहेस ना?" ती म्हणाली, "उभी आहे." सेवक म्हणाला, "मग जाईल." ती पाण्यास गेली आणि दळण दळले आणि भाकरी केली. दुसरे दिवशी पुन्हा म्हणाली, चालताना एक हात कुशीवर ठेवीत होती, पण चालत होती. अन्न घेतले नाही. सेवकाने पुन्हा तेच विचारले आणि तिने पुन्हा तेच सांगितले. तिसरे दिवशी सकाळी हसून म्हणाली, "थांबला बघा ठणका. आता बरे वाटते." मग अबलख घोडीस हरभऱ्याची चंदी घातली आणि त्यातले दोन हरभरे आपल्या दाताखाली फोडून खाल्ले, ते सेवकाने पाहिले आणि मन हलके जाहले. तिसरे प्रहरी ती आडवी पडली. तेव्हा सेवक धावला. पोटास हात लाविला तो फळीसारखे कठीण, अंग चटका बसावा ऐसे तापलेले. वैद्यास आणावयास गेला, वैद्य जेवून उठले होते, पालखीची वाट पाहत होते, आणि पालखी येऊन ते पागेपाशी पोहोचले तेव्हा दिवस मावळावयाचा होता आणि सगुणा गेली होती. वैद्य दारातून पाहून म्हणाले, "आयुष्य सरले." काय दुखणे होते ते सांगितले नाही.

त्यापुढे सेवकाचे कामात लक्ष लागेना. घोडा उभा दिसला तरी जाऊन पोट चाचपावे, आणि घोड्यांची निगा करणाऱ्या मोतद्दारांनी हसावे. काय जाहले होते तिला, हे एकच मनात. मग ठरविले की जेथे हे जाणणारे आहेत तेथे जाऊन शिकावे, आणि राजधानीच्या वैद्यशाळेत जागा मागावी. तेथील नियम ऐसा की बारा वर्षांचा मुलगा घ्यावा, गुरूचे पत्र असावे आणि आठ वर्षांचे पाठांतर असावे. सेवकापाशी गुरू नाही, पाठांतर नाही, आणि वय तर गेलेच. परंतु मागे एका राणीसाहेबांचा पाय सडला होता, तो एका धनगराने बरा केला, आणि वैद्यांनी त्यास हसून दारातून घालविले होते. म्हणून राणीसाहेबांनी सनद करून दिली की ज्यास शिक्षण नाही पण हात आहे, त्याने तीन जिवंत आणि एक मेला घेऊन यावे. म्हणजे बरी केलेली तीन माणसे सभेत उभी करावी, आणि आपल्या हाताखाली मेलेले एक माणूस सांगावे, त्यात आपली चूक काय तेही सांगावे. ऐसे जो करील त्यास वय न विचारता जागा द्यावी. ही सनद अजून चालते.

फाल्गुनात सेवक वैद्यशाळेच्या कचेरीत गेला. तेथे सदोबा नावाचे कारकून, विड्याने तोंड भरलेले. त्यांनी विचारले, "काय काम करतोस?" सांगितले, घोड्यांचा वैद्य. ते म्हणाले, "मग अर्ज घोड्याने करायला हवा." आणि आपणच हसले. मग अर्ज लिहू लागले. तीन जिवंत लिहिले. मग म्हणाले, "मेला कोण?" सेवक म्हणाला, "माझी बायको." सदोबांनी कलम खाली ठेविले आणि खिडकीत जाऊन पिंक टाकून आले आणि म्हणाले, "हैबता, तू भला माणूस दिसतोस म्हणून सांगतो. बायको सांगू नकोस. म्हातारा सांग." सेवकाने विचारले, "कोणता म्हातारा?" म्हणाले, "नव्वद वर्षे वय, तोंडात दात नाही, डोळ्याला दिसत नाही, तीन दिवस अन्न टाकलेले. नाव भिकाजी. चूक काय, तर औषध एक घटका उशिरा दिले. सगळे हाच सांगतात. आमच्या दप्तरी हा म्हातारा अकरा वेळा मेला आहे." सेवक म्हणाला, "राणीसाहेबांनी खरी चूक सांगावी म्हणून लिहिले ना?" सदोबा म्हणाले, "राणीसाहेब वारल्या रे. म्हातारा अजून कामास येतो." मग सेवकाने ऐकले नाही, तेव्हा त्यांनी मेल्याची जागा कोरी ठेविली आणि म्हणाले, "सभेपर्यंत विचार कर."

चैत्रात सभा भरली. मुख्य अनंतशास्त्री मध्ये बसले, वृद्ध नरहरशास्त्री उजवीकडे, आणि आणखी एक होते ते सगळा वेळ पंख्याने वारा घेत राहिले. वैद्यशाळेचे विद्यार्थी मागे दाटीने बसले होते. पहिला खंडू बारगीर उभा राहिला, त्याने धोतर वर करून मांडीचा व्रण दाखविला आणि म्हणाला, "भाला लागला होता, महाराज. याने घोड्याच्या शेपटीच्या केसाने शिवली." अनंतशास्त्री म्हणाले, "मग आता हिणहिणतोस की काय?" विद्यार्थी हसले. खंडू म्हणाला, "नाही महाराज, पण लाथ बरी मारता येते." तेव्हा आणखी हसले, आणि शास्त्रीही हसले. मग कृष्णी कुंभारीण उभी राहिली, तिचा खांदा निखळला होता तो सेवकाने बसविला होता. तिला विचारले, "परपुरुषाने खांद्यास हात लावला, तू लावू दिलास?" कृष्णी म्हणाली, "न लावता तर चाक कोणी फिरवले असते, भटजी? तुम्ही?" तिसरे मुदपाकातील आचारी, त्यांचा भाजलेला हात बरा जाहला होता. त्यांनी हात पुढे केला आणि म्हणाले, "काल शास्त्रीबोवांच्या पानात वाढले ते याच हाताने. आणखी काय दाखवू?" मग तिन्ही जिवंत मान्य जाहले, ऐसे सदोबांनी लिहिले.

मग अनंतशास्त्री म्हणाले, "आता मेला सांग." सेवकाने सगुणा सांगितली. कुशीचे टोचणे सांगितले, तीन दिवस सांगितले, पागेचा नियम सांगितला, आणि म्हणाला, "माझी चूक ही की मी तिला घोड्याप्रमाणे पाहिले. घोडा दुखणे झाकण्यासाठी उभा राहत नाही. ती राहिली. घरात कामे होती, मी कामात होतो, म्हणून राहिली. तीन दिवसांत एकदाही तिला नीज म्हणालो नाही." कोणी हसले नाही. मग सेवकाने हात जोडून विचारले, "महाराज, जागा मिळो न मिळो, तिला काय जाहले होते ते सांगावे." अनंतशास्त्री म्हणाले, "ग्रंथात आहे. पोटात आत गळू होते, त्यास विद्रधी म्हणतात. ते पिकते आणि आतल्या आत फुटते. फुटते तेव्हा ठणका थांबतो आणि रोगी म्हणतो बरे वाटते. ते बरे नव्हे, तो शेवट." सेवकाच्या डोळ्यांपुढे ते दोन हरभरे आले. विचारले, "मग वाचली असती काय?" त्यास नरहरशास्त्री बोलले, "पहिल्या दिवशी निजवून पोट दाबून पाहिले असते तर कळले असते. कळून वाचली असती ऐसे माझ्याने सांगवत नाही." मग म्हणाले, "आमच्यापुढे आली असती तरी ती उभीच राहिली असती, हैबतराव. आणि आम्ही बसवले नसते." बावीस वर्षांत सेवकास हैबतराव कोणी म्हटले नव्हते.

मग तिघांनी आपसांत बोलणे केले आणि अनंतशास्त्री म्हणाले, "तुझा हात चांगला आहे. जागा देतो. तीन वर्षे शीक, भोजन शाळेत. परंतु हे दप्तरी लिहिता येत नाही. दप्तर दरवर्षी सरकारात वाचले जाते. बायको मारून वैद्य झाला ऐसे वाचले गेले तर सनद बंद होईल, आणि तुझ्यामागून येणाऱ्यांचेही दार लागेल. म्हणून मेल्याच्या जागी भिकाजी लिहू, तू खाली अक्षर कर." वाईट बुद्धीने म्हणाले नाहीत, हे सेवकाने तेव्हाही जाणले. सदोबांनी कागद पुढे केला आणि कलम हाती दिले. सेवकास ती जागा हवी होती. सभेच्या मागे ग्रंथांची दालने दिसत होती, आणि जे एका विद्रधीचे कळले तसे आणखी किती तेथे असेल, कोणाकोणाच्या कुशीचे, हे मनात आले. कलम शाईत बुडविले. मग कागद वाचला. मेला, नव्वद वर्षे, दात नाही, ऐसे लिहिले होते. सगुणा छत्तीस वर्षांची होती, दात सगळे होते, दाताखाली हरभरा फोडीत असे. सेवकाने कलम खाली ठेविले आणि म्हणाला, "हा मेला माझा नव्हे." सदोबा कानाशी येऊन म्हणाले, "वेड्या, म्हातारा लिहिला तर तुझे काय जाते?" सेवक म्हणाला, "ती जाते."

मग अर्ज नामंजूर जाहला. बाहेर आलो तो कृष्णी रागावली होती. म्हणाली, "लिहायचे होतेस रे. सगुणा असती तर पाठीत धपाटा घातला असता तुझ्या. म्हणाली असती, लिहा आणि शिका." सेवक म्हणाला, "म्हणाली असती, ते खरे." जागा घेतली असती तर आणखी माणसे वाचती, ऐसे खंडू म्हणाला, तेही खोटे म्हणवत नाही.

त्यापुढे सेवकाने पागेच्या दाराशी एक सपाट दगड आणून टाकिला. गल्लीतले जे कोणी दुखणे सांगावयास येईल त्यास आधी त्यावर बसवावे, बसल्याशिवाय बोलू देऊ नये, आणि बायकांस तर दोनदा विचारावे, कारण पहिल्या वेळेस त्या काही नाही म्हणतात. आषाढात एका परटाची बायको घोड्यांचे खोगीरकापड धुण्यास न्यावयास आली, आणि जाता जाता म्हणाली, जरा उजवीकडे टोचते. सेवकाने गाठोडे काढून घेतले, तिला आत आडवी केली, कृष्णीस हाक मारून तिच्या हाताने पोट दाबविले, तो ती किंचाळली. तेच दिवशी घोड्यावर घालून वैद्यशाळेत नेली. नरहरशास्त्री स्वतः उठून आले, पालखी मागितली नाही. लेप केले, काढे दिले. तरी ती पाचवे दिवशी वारली. परंतु ते पाच दिवस ती निजून होती, पाणी दुसऱ्याने आणून दिले, आणि नवरा उशाशी बसला होता.

येणेप्रमाणे हकीकत. सेवक पागेत आहे. वैद्यशाळेतील ती जागा ज्येष्ठात एका सरदाराच्या मेहुण्यास मिळाली, त्याने मेला म्हणून भिकाजी सांगितला, आणि सभेने मान्य केला. म्हणजे दप्तरी तो म्हातारा बाराव्या वेळेस मेला. सगुणा, हैबता सालोत्री याची स्त्री, वय छत्तीस, दप्तरी नाही म्हणून येथे लिहिली. ती एकदाच मेली.