विहिरीत ढकललेली इंग्रजी

जयसिंगअण्णांना इंग्रजी येत नव्हतं, पण ते कसं शिकावं याबद्दल त्यांच्याइतकी खात्री अख्ख्या पुण्यात दुसऱ्या कुणाला नव्हती!

“पोहायला शिकताना कुणी आधी पुस्तक वाचलंय का रं?” ते आपल्या मुलाला, ऋषीला, विचारत. “आमच्या आबांनी मला हिरीत ढकललं. दोन घोट पाणी पोटात गेलं, तिसऱ्याला मी काठावर! इंग्रजीचं बी तसंच. त्यात पडायचं, हातपाय मारायचे. आपोआप येतंय!”

ऋषीने बिचाऱ्याने बुधवार पेठेतून व्याकरणाचं जाडजूड पुस्तक आणून दिलं होतं. अण्णांनी त्याचं पहिलं पान वाचलं आणि पुस्तक डुगडुगणाऱ्या फ्रिजच्या पायाखाली सरकवलं. तेव्हापासून फ्रिज मात्र अगदी शिस्तीत उभा होता.

आता या वयात अण्णांना इंग्रजीची एवढी निकड का पडली? तर विहिरीमुळेच! त्यांचं गाव पुण्यात आलं, शेतावर बिल्डरने टॉवर उभे केले आणि अण्णांच्या वाट्याला त्यात दोन फ्लॅट आले. सगळं शेत गेलं, राहिली ती कोपऱ्यातली विहीर. आबांनी स्वतः सुरुंग लावून खडक फोडला होता तिच्यासाठी. ती बुजवून तिथे पिकलबॉल नावाच्या नव्या खेळाचं कोर्ट करावं असं सोसायटीच्या कमिटीच्या मनात आलं. निर्णय व्हायचा होता वार्षिक सभेत, आणि सभा चालायची इंग्रजीत. मागच्या सभेत अण्णांनी बोलायला तोंड उघडलं होतं, पण पहिला शब्द सापडेपर्यंत आभारप्रदर्शन उरकून लोक चहाला उठलेसुद्धा. त्या दिवशी घरी येऊन ते जेवले नाहीत. विहीर गेली तर आपलं इथे कधी काही होतं हे दाखवायला काहीच उरणार नाही, हे त्यांना आतून खात होतं.

पण खचतील ते अण्णा कसले!

“आपला वरचा फ्लॅट भाड्यानं द्यायचा,” त्यांनी एके दिवशी जाहीर केलं. “पण मराठी येणाऱ्याला न्हाई!”

एजंट योगेश चक्रावला. जन्मभर त्याने उलटीच अट ऐकली होती. नांदेडचा एक गुणी इंजिनियर आईवडिलांना घेऊन आला आणि दारातच वाकून “नमस्कार काका” म्हणाला. “गेला फ्लॅट!” अण्णा म्हणाले आणि दार लावून घेतलं. असे बरेच सज्जन परत गेल्यावर कोलकात्याची शेफाली आली. एका आयटी कंपनीत नोकरीला होती.

“मराठी?” अण्णांनी डोळे बारीक करून विचारलं.

“नो. सॉरी, अंकल.”

“व्हेरी गुड!”

अट एकच होती. शेफालीने दोन्ही वेळा अण्णांकडे जेवायचं, आणि ताटावर बसलं की फक्त इंग्रजी. हिंदीलाही बंदी! हिंदी म्हणजे पाठीला डबा बांधून पोहणं, असं अण्णांचं मत होतं. माणूस बुडत नाही, पण शिकतही नाही.

पहिल्याच दिवशी घोळ झाला. भाकरी अण्णांच्या पुढ्यात होती आणि पिठलं टेबलाच्या दुसऱ्या टोकाला. पिठलं इकडे सरकवा हे इंग्रजीत कसं मागायचं? अण्णांनी ताठ मानेने कोरडी भाकरी कांद्याबरोबर खाल्ली. ऋषी चाकणच्या कंपनीतून उशिरा यायचा, त्यामुळे सोडवायला कुणी नव्हतं. ताटावर शांतता पसरली. पण त्यांच्या बायकोला, मथुराबाईंना, शांतता कधीच मानवली नव्हती.

“मला कुठं मीटिंगला जायाचंय?” त्या म्हणाल्या. “मी माझं बोलणार!”

आणि त्या बोलू लागल्या! लग्न झाल्यापासून त्यांना असं मान डोलावून, डोळे मोठे करून ऐकणारं माणूस भेटलं नव्हतं. गुडघेदुखी, जावेचे कावे, मंडईतल्या मेथीचा भाव, कुणाच्या लग्नात कोण रुसलं, सगळं त्यांनी शेफालीपुढे ओतलं. घरापासून लांब आलेल्या त्या पोरीलाही बरं वाटायचं. अंगावर ओरडून वाढणारं माणूस तिला इथे नव्यानेच मिळालं होतं.

“व्हॉट इज धिस, आंटी?”

“ठेचा. जपून खा गं बाई, जाळ हाय.”

“अँड दॅट?”

“त्ये व्हय? त्ये आमचं ध्यान!” अण्णांकडे बघून मथुराबाई म्हणायच्या.

अण्णा मात्र खूश होते. “समजतंय मला सगळं,” ते ऋषीला सांगत. “बोलायचं तेवढं ऱ्हायलंय.” बोलण्यासाठी त्यांनी तूर्त “यस, यस, ऑफकोर्स!” एवढंच वापरायला काढलं होतं, पण ते असं झोकात टाकायचे की समोरचा गप्प! एकदा शेफालीने काहीतरी लांबलचक विचारलं. अण्णा म्हणाले, “यस, यस, ऑफकोर्स!” दुसऱ्या दिवशी घरात मांजर आलं. “मीच हो म्हणालो,” अण्णांनी मथुराबाईंना ठणकावून सांगितलं आणि मांजराला दूध घातलं.

इथवर ठीक होतं. पुढे लिफ्टमध्ये त्यांना सोसायटीचा सेक्रेटरी गंधार भेटला. त्याने हसून बरंच काही इंग्रजीत विचारलं. अण्णांनी लिफ्टच्या आरशात स्वतःकडे पाहिलं, मिशीवरून हात फिरवला आणि म्हणाले, “यस, यस, ऑफकोर्स!” गंधार एवढा हरखला की त्याने अण्णांचा हात धरून गदागदा हलवला!

“आज तळापासून आपल्या मजल्यापर्यंत इंग्रजी बोललो!” घरात पाऊल टाकताच अण्णा गरजले.

आठवडाभराने सगळे जेवायला बसलेले असताना ऋषी मोबाइल हातात घेऊन आला. “अण्णा, विहीर बुजवायला तुम्ही हो म्हणालात?”

“मी? जीव गेला तरी न्हाई!”

“सेक्रेटरींनी सोसायटीच्या ग्रुपवर लिहिलंय. मूळ मालकांनी लिफ्टमध्ये आनंदाने संमती दिली, त्यांचे आभार. रविवारच्या सभेत फक्त मंजुरी घ्यायचीय.”

अण्णांनी पुढचं ताट बाजूला सारलं. मांजर मांडीवर येऊन बसलं, तेही त्यांना कळलं नाही.

“आता घ्या!” मथुराबाई म्हणाल्या. “म्हणा यस!”

“अहो, आत्ता जाऊन गंधारना हिंदीत सांगून टाका ना,” ऋषी म्हणाला.

“न्हाई!” अण्णा ताडकन उठले. मांजर फ्रिजवर गेलं. “इंग्रजीत गेलेली हीर मी इंग्रजीतच परत आणीन! मागल्या सभेत बसलो त्ये बसलो. ह्या सभेत बोलणार!”

शेफाली घास हातात धरून एकदा अण्णांकडे आणि एकदा मथुराबाईंकडे बघत होती.

रविवारी सकाळी क्लबहाउस गच्च भरलं. अण्णा कडक इस्त्रीचा पांढरा सदरा घालून पहिल्या रांगेत बसले, त्यांच्या मागे ऋषी, मथुराबाई आणि शेफाली. गंधारने विहिरीचा विषय काढला, मूळ मालकांचे इंग्रजीतून आभार मानले आणि टाळ्या पडल्या. अण्णा उभे राहिले.

“माय फादर...” ते म्हणाले.

आणि तिथेच अडकले. डोळ्यांपुढे आबा आले, सुरुंगाची वात आली, ओल्या चड्डीत काठावर कुडकुडणारा छोटा जयसिंग आला. इंग्रजी तेवढं येईना! सभा ताटकळली. शेवटी गंधारने समजूतदारपणे विचारलं, “सो, यू आर ओके विथ इट, राइट?”

सवय वाईट असते! अण्णांच्या तोंडून निघालं, “यस, यस, ऑफ...”

“आवं, गप बसा की!”

सगळे वळले. आवाज मथुराबाईंचा होता, पण मथुराबाई तर तोंडावर पदर धरून बसल्या होत्या. त्यांच्या शेजारी शेफाली उभी होती, कमरेवर हात ठेवून, अगदी त्यांच्यासारखीच!

“ह्यो माणूस यस म्हणतो, तवा त्याला कायबी समजल्यालं नसतंय!” ती कडाडली. “मी सहा म्हयने बघतेय! मांजराला बी त्यो असाच यस म्हणाला! आन ही हीर तुमच्या समद्यांच्या आधी आला हाय! मे म्हयन्यात टँकर आला न्हाई, तवा कुणाच्या पाण्यानं आंघोळ केला? तवा कुठं गेला हुता तुमचा त्यो बॉल?”

व्याकरण कुठल्या कुठे होतं, पण धार अस्सल मथुराबाईंची होती.

“मॅडम, भाडेकरूंना सभेत मत नसतं,” गंधार थंडपणे म्हणाला.

“मत न्हाई, पण तोंड हाय!”

हशा पिकला. तेवढ्यात मागच्या रांगेतल्या कल्याणीताई चष्मा सावरत उठल्या. “अहो सेक्रेटरी, तुम्ही आत्ता मराठीत बोललात. आपण मराठी?”

“म्हणजे काय! जन्म पेठेत गेला माझा. आपण?”

“मी मिरजेची! मला वाटलं, तुम्ही बाहेरचे कुठले तरी. तुमच्यासाठी तीन वर्षं मी सभेला येताना नवऱ्याकडून वाक्यं पाठ करून येतेय!”

मग इकडून सातारा उठला, तिकडून परभणी उठली. शेजारचा अमराठी असेल या समजुतीने सगळे एकमेकांशी इंग्रजीत झुंजत होते! जी चार-पाच घरं खरोखर बाहेरची होती, त्यांना शेफालीने सगळं इंग्रजीत समजावलं. मग अण्णा पुन्हा उभे राहिले आणि आबांनी विहीर कशी खणली ते मराठीत सांगू लागले. ते इतके रंगले की त्यांना बसवायला ऋषीला सदरा ओढावा लागला. विहीर राखायची असं ठरलं. “वर जाळी बसवू,” गंधार म्हणाला. “आणि यापुढे लिफ्टमध्ये मिळालेली संमती धरली जाणार नाही.”

संध्याकाळी सगळे विहिरीच्या कठड्यावर बसले होते. अण्णांचे डोळे भरून आले होते, आणि ते लपवायचा त्यांनी प्रयत्नही केला नाही.

“पोरी, तू माझी हीर वाचवलीस,” ते म्हणाले. “पण माझी रीत बी खरी निघाली का न्हाई? पाण्यात पडलं की येतंय!”

“येतंय की!” मथुराबाई म्हणाल्या. “पण ढकललं तिला, आन तुम्ही काठावर बसून म्हणताय मला पोहता येतंय!”

ऋषी खो खो हसला. शेफाली मात्र हसली नाही. तिचा चेहरा उतरला होता.

“अण्णा, हापिसातनं मेल आला हाय,” ती म्हणाली. “परदेशच्या सायबाला मी फोनवर ‘आवं थांबा की’ म्हणाला. म्यानेजर म्हणतो, तुझा इंग्रजी बिघडली. क्लास लाव म्हणतो.”

अण्णांची मान पुन्हा ताठ झाली.

“क्लास? खुळी का काय तू! व्याकरणाच्या नादाला तर अजिबात लागू नगंस. सहा म्हयने अजून ऱ्हा आमच्यात. इंग्रजी आपोआप येतंय!”

“खरंच येईल, अण्णा?”

“यस, यस,” अण्णा मिशीवरून हात फिरवत म्हणाले, “ऑफकोर्स!”