जनूशेठची बारावी पट्टी

जनूशेठच्या घरी गेलात तर आधी पाणी मिळत नाही, आधी गिटार मिळते. तो तुम्हाला मनगट धरून ओटीवर बसवतो, आपली विजेची गिटार मांडीवर घेतो, एक तार मोकळी छेडतो, मग तीच तार मधोमध, बाराव्या पट्टीवर दाबून छेडतो आणि तुमच्या तोंडाकडे बघत विचारतो, "आयकलंस? खोटं बोलतंय का न्हाय?"

उत्तर दिल्याशिवाय सुटका नाही. गॅसचा सिलिंडर आणणाऱ्यालाही त्याने सोडलं नाही. तो बिचारा म्हणाला, "काका, मला दोन्ही सारखंच वाटतंय." जनूशेठ म्हणाला, "जल्लं तुझं! सिलिंडर गळत असल तर तुला आयकू येल का?" माणूस घाबरून परत सिलिंडर तपासायला गेला.

मी शेजारी. भिवंडीजवळ टेमघरला आमची दारं समोरासमोर. मी पावरलूमवर जॉबर होतो. जॉबर म्हणजे बंद पडलेला लूम चालू करून देणारा माणूस. शाळा चौथीपर्यंत केली, ती मला पुरली. यंत्रातलं मला कोणी सांगायचं नाही, मी सांगतो. त्यामुळे गिटारीचा स्क्रू फिरवायचं काम माझ्याकडे आलं यात नवल नाही. नवल पुढे आहे, आणि ते मला फार दिवस कळलं नाही.

जनूशेठ आगरी. वडप्याला त्याची भातशेती होती, तिथे आता गोदामं आहेत. भाडं येतं, काम काही नाही. तरुणपणी तो बँजो पार्टीत गिटार वाजवायचा आणि बँजोवर असायचे अब्बासभाई. आमच्याकडचा बँजो म्हणजे टाईपरायटरसारखी बटणं असलेली पेटी. डाव्या हाताने बटण दाबायचं, की ते खालच्या तारेला दाबतं. उजव्या हाताने छेडायचं. अब्बासभाई कोकणी मुसलमान, जुन्या भिवंडीत त्यांचे लूम होते आणि त्याच लूमवर मी जॉबर. दिवसा मालक कापड विणायचा, संध्याकाळी आगऱ्यांच्या हळदीत बँजो वाजवायचा. या दोघांशिवाय हळद लागली तर लोक म्हणायचे, नवरी अर्धीच पिवळी झाली.

मागच्या वर्षी अब्बासभाईंच्या डाव्या अंगावरून वारं गेलं. चालायला लागले, बोलायला लागले, पण डाव्या हाताला जोराचा अंदाज राहिला नाही. चहाचा कप धरला तर कान तुटून हातात यायचा. तरी एका हळदीत वाजवायला बसले. पार्टीतली नवी पोरं एकमेकांकडे बघून हसली. अब्बासभाईंनी ते पाहिलं, गाणं पुरं केलं आणि घरी जाऊन बँजोवर चादर टाकली.

आता जनूशेठच्या नातीचं लग्न ठरलं. त्याने घरात जाहीर केलं, "अब्बास वाजवल तर वाद्य. न्हायतर मुक्यानं हळद लावा." घरचे हादरले. अब्बासभाई तर सरळ नाही म्हणाले होते. आणि हा बाबा मित्राला मनवायचं सोडून गिटार घेऊन बसला.

पहिल्या दिवशी मला बोलावलं. गिटारीच्या बुडाशी सहा तारा टेकायला सहा छोट्या घोड्या असतात, प्रत्येकीच्या पाठीत एक स्क्रू. बाराव्या पट्टीवर मोकळ्या तारेचाच सूर वरच्या सप्तकात लागायला हवा. तो चढा लागला तर घोडी मागे घ्यायची, उतरला तर पुढे. दांडीला चिकटवायचं एक बारकं यंत्रही त्याच्याकडे होतं, सूर जुळला की त्यात हिरवा दिवा लागतो. मी म्हटलं, एवढंच? लूमपुढे हे खेळणं. स्क्रूंना थेंब थेंब लूमचं तेल सोडलं आणि तासाभरात सहाच्या सहा तारा हिरव्या करून दिल्या.

जनूशेठने वास घेतला. "कारखान्याचा वास मारतोय."

"सूर बघ ना!"

त्याने छेडलं. डोळे मिटले. "न्हाय रं जॉबर. कच्चं हाय. घोडी पुढं घे."

"पुढे घेतली तर बिघडेल. दिवा हिरवा आहे."

"सिग्नल हिरवा झाला म्हंजे गाडी पोचली का?"

मी पुढे घेतली. दिवा लाल. त्याने परत डोळे मिटले. "आजून चिमटीभर."

बरोबर असलेलं बिघडवून घेणारं गिऱ्हाईक मी आयुष्यात पाहिलं नव्हतं. मला वाटलं, याचा कान गेला. मग वाटलं, यंत्र चुकतंय. मग एक दिवस वाटलं की माझंच डोकं फिरलंय, म्हणून घरी येऊन बायकोला विचारलं, "माझ्या बोलण्यात काही फरक वाटतो का?" ती म्हणाली, "नाही, पहिल्यापासून असंच आहे."

दुपारी जनूशेठ रिक्षा करून कुठेतरी जायचा आणि संध्याकाळी नवी तक्रार घेऊन यायचा. "पहिली बरी हाय. दुसरी लय कमी पडतेय. वरच्या अंगाला आजून चढव." कोणाला विचारून येतो? सांगायचा नाही. मी विचारलं तर म्हणायचा, "तू लूम बांधलेस, कान न्हाय बांधलास."

हे मला लागलं. मी त्याला आणि गिटारीला घेऊन कल्याणच्या वाद्यांच्या दुकानात गेलो. दुकानदाराने तारा तपासल्या आणि विचारलं, "कोणी केलंय हे?" मी जनूशेठकडे बघितलं, जनूशेठने पंख्याकडे. दुकानदाराने नव्या तारा चढवल्या, घोड्या जागेवर आणल्या, सगळं हिरवं करून दिलं. जनूशेठने त्याचे हात जोडून आभार मानले, पैसे दिले, रिक्षात बसला आणि म्हणाला, "घरी गेलो का होती तशी करून दे."

"होती तशी म्हणजे बिघडलेली?"

"तशीच."

 चार दिवस मी त्याच्या ओटीकडे फिरकलो नाही. मग हळद तोंडावर आली आणि त्याची नात स्वतः स्क्रू फिरवायचा पाना घेऊन माझ्या दारात उभी राहिली. "करा ना आजोबा म्हणतात तसं. काय चाललंय मलापण कळत नाही." नवरीला नाही कसं म्हणणार? गेलो. त्याने सांगितलं तशा सगळ्या घोड्या पुढे सरकवल्या. सहाही तारांना दिवा लाल. जनूशेठ खूश. मी मनात म्हटलं, आता मांडवात याची शोभा होणार आणि लोक विचारणार, कोणत्या जॉबरने केलं?

हळदीच्या संध्याकाळी मांडवाच्या तोंडाशी रिक्षा थांबली आणि अब्बासभाई उतरले. मागे त्यांचा मुलगा बँजो घेऊन. मी धावलो. म्हटलं, "मालक, तुम्ही तर नाही म्हणाला होता!"

"क्या करूं?" अब्बासभाई हळूच म्हणाले. "महिनाभर रोज दुपारी घरी येऊन बसतो. म्हणतो, अब्बास, माझा कान गेला, गिटार सुरात लागत नाही. तू चादर काढ, एक एक बटण दाब, मी तुझ्यावरून लावतो. आता म्हणतो, मांडवात तू शेजारी नसलास तर माझी फजिती होईल. दोस्त की इज्जत का सवाल है, मी नाही कसं म्हणू?"

मला तेव्हाही कळलं नाही. खोटं कशाला बोलू?

दोघे बसले. अब्बासभाईंचं बोट बटणावर पडलं, नको तेवढ्या जोराने पडलं, आणि तार ताणून सूर वर चढला. मी डोळे मिटून घेतले. पण शेजारी गिटारही तेवढीच चढली. पुढचा सूर, तीही चढली. वरच्या अंगाला बँजो जास्त चढायचा, गिटारही जास्त. दोन माणसं एकाच बाजूला लंगडत चालली तर लांबून वाटतं, रस्ताच तसा आहे. तसं झालं. नवी पोरं मागे उभी होती. एकही हसला नाही. बायका उठल्या, नाचायला लागल्या, आणि नवरी पुरी पिवळी झाली.

गाणं संपल्यावर अब्बासभाईंनी घाम पुसला आणि मला म्हणाले, "बघितलंस जॉबर? याचा कान गेला होता. आता बसला."

"व्हय," जनूशेठ मान खाली घालून म्हणाला. "लय बिघडला व्हता. तुझ्यावरून लावला म्हणून बसला."

तेव्हा कुठे माझ्या डोक्यात हिरवा दिवा लागला. मी गप्प बसलो, हे आमच्या घरी अजून कोणाला पटत नाही.

लग्न झालं, मांडव निघाला. जनूशेठचं दुपारी रिक्षा करून जाणं चालूच आहे. काल संध्याकाळी गिटार घेऊन परत माझ्या दारात.

"जॉबर, घोड्या मागं घे. जास्त नको, चिमटीभर."

"आता काय झालं?"

त्याने आधी गल्लीत कोणी ऐकत नाही ना ते बघितलं.

"अब्बासचा हात बरा व्हायला लागलाय."